लिनक्सवर व्हीपीएन ‘जोडलं’ म्हणतंय, पण मार्केट यार्डातलं बिलिंग उघडत नाही

गावभाग_सांगली · सोमवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या पेढीत हिशेब बघते. आवक, पोत्यांची नोंद, शेतकऱ्यांच्या पट्ट्या हे सगळं ऑफिसातल्या एका मशीनवर आहे. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१० टाकलं की बिलिंग उघडतं. राउटर बसवणाऱ्यानं घरून वापरायला मला व्हीपीएनची, म्हणजे इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कपर्यंत खासगी वाट उघडणारी, एक ओव्हीपीएन फाइल दिली. घरी लिनक्स मिंट २२ आहे. नेटवर्क सेटिंग्जमध्ये फाइल इम्पोर्ट केली, नाव-पासवर्ड घातला, कुलपाचं चिन्ह आलं.

पण बिलिंग उघडत नाही. पिंगलाही (समोरचं मशीन उत्तर देतं का बघायची हाक) उत्तर नाही. शिवाय व्हीपीएन चालू असेपर्यंत बाकीचं इंटरनेटही रडतखडत चालतं, बंद केलं की लगेच सुरळीत. राउटरवाले म्हणतात, लिनक्सवर हे चालत नाही, विंडोज टाका.

घाई का, ते सांगते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. गावभागातलं घर सोडून आम्ही विश्रामबागला बहिणीकडे गेलो आणि पेढीचं काम कितीतरी दिवस ठप्प. शेतकरी पट्टीसाठी फोन करायचे आणि माझ्यापुढे वहीही नव्हती, मशीनही नव्हतं. या पावसाळ्याच्या आत मला हे कुठूनही उघडता आलं पाहिजे.

माहुलीकर · सोमवार, रात्री १०.३५

ताई, विंडोज टाकू नका. लिनक्सवर हे उत्तम चालतं. मी साताऱ्यात लहान ऑफिसांची नेटवर्कं बघतो आणि तुमच्यासारखी तक्रार महिन्यातून एकदा तरी येतेच.

पहिली गोष्ट. ते कुलूप बिलिंगबद्दल काहीच सांगत नाही. तुमचा कॉम्प्युटर आणि ऑफिसचा राउटर यांची ओळख पटली, पासवर्ड बरोबर निघाला, बोगदा खणून झाला, एवढंच त्याचं म्हणणं. तुमची गाडी त्या बोगद्यात शिरते का, आणि शिरली तर परत येते का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. म्हणून पासवर्ड पुन्हा पुन्हा घालण्यात वेळ घालवू नका, तो भाग झालेला आहे.

व्हीपीएन चालू ठेवून टर्मिनलवर दोन आज्ञा द्या आणि काय दिसतं ते इथे लिहा. आज्ञा इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना रोमनमध्ये करा.

आयपी राउट
आयपी राउट गेट १९२.१६८.१.१०

पहिली सगळे रस्ते दाखवते. दुसरी थेट सांगते की या एका पत्त्याकडे निघालेलं पाकीट, म्हणजे माहितीचा तुकडा, आत्ता कुठल्या दारानं बाहेर पडेल. मला विचाराल तर अशा तक्रारीत सगळ्यात आधी चालवावी ती हीच.

आणि एक विनंती. ओव्हीपीएन फाइल इथे चिकटवू नका, तिच्यात तुमची खासगी किल्ली असते. मागे एकानं अख्खी फाइल टाकली होती, मग राउटरवर जाऊन ते सर्टिफिकेट रद्द करावं लागलं.

कृष्णाकाठ · सोमवार, रात्री ११.०५

एवढा खटाटोप कशाला? मोबाइलवर फुकट व्हीपीएन ॲप मिळतात, तसलं एखादं टाका की. आणि व्हीपीएनवर सरकारनं बंदी घातली होती ना, ते तपासलं का?

माहुलीकर · सोमवार, रात्री ११.२०

दादा, ती ॲप वेगळ्या कामाची. ती तुम्हाला त्या कंपनीच्या सर्व्हरपर्यंत नेतात. ताईंना पेढीच्या राउटरपर्यंत जायचंय, आणि ती वाट फक्त पेढीच्याच राउटरवर उघडते.

बंदी नाही. सर्ट-इननं, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं, २८ एप्रिल २०२२ ला निर्देश काढले. त्यात लोकांना व्हीपीएन सेवा विकणाऱ्यांनी ग्राहकांची माहिती ५ वर्षं ठेवावी असं आहे. कंपनीनं स्वतःच्या माणसांसाठी चालवलेलं व्हीपीएन त्यात येत नाही, हे त्यांनी नंतर प्रश्नोत्तरांत स्पष्ट केलं. तेव्हा पेढीनं निर्धास्त राहावं.

गावभाग_सांगली · मंगळवार, सकाळी ७.१५

दोन्ही आज्ञा दिल्या. पहिलीत दोन ‘डिफॉल्ट’ ओळी आहेत. एक टन० ची, मेट्रिक ५०. दुसरी वायफायची, १९२.१६८.१.१ मार्गे, मेट्रिक ६००. खाली आणखी एक ओळ, १९२.१६८.१.०/२४, तीही वायफायची. १०.८.०.० ची एक आहे.

दुसऱ्या आज्ञेला उत्तर आलं ते वायफायचं नाव आणि माझ्या कॉम्प्युटरचा पत्ता १९२.१६८.१.३४. टन० चं नाव त्यात नाही. म्हणजे काय समजायचं?

माहुलीकर · मंगळवार, सकाळी ८.४०

ताई, तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ त्या तीन ओळींत आहे. त्यातलं टन० म्हणजे व्हीपीएनच्या बोगद्याचं दार.

तुमच्या घरच्या राउटरचा पत्त्यांचा पट्टा १९२.१६८.१ आणि पेढीचाही १९२.१६८.१. राउटर पेटीतून निघतो तेव्हा बहुतेकदा हाच पट्टा घेऊन येतो, आणि कुणी बदलत नाही. आता कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, रस्ता कसा निवडतो ते बघा. जो रस्ता जास्त नेमका, तो आधी. मेट्रिक, म्हणजे पसंतीचा क्रम (लहान आकडा आधी), नंतर, तेही दोन रस्ते सारखेच नेमके असतील तरच. १९२.१६८.१.१० ला निघालेल्या पाकिटासमोर दोन वाटा आहेत. ‘सगळं जग’ म्हणणारी बोगद्याची डिफॉल्ट, आणि ‘१९२.१६८.१ चे २५६ पत्ते’ म्हणणारी वायफायची. दुसरी नेमकी, म्हणून पाकीट वायफायवर जातं आणि तुमच्याच घरात १० नंबरचं मशीन शोधत बसतं. गावभागातल्या जोशी गल्लीचं पत्र त्याच नावाच्या दुसऱ्या गावातल्या गल्लीत टाकावं, तसं झालंय.

आणि बाकीचं सगळं, म्हणजे तुमचे व्हिडिओ, बँक, बातम्या, डिफॉल्ट ओळीमुळे आधी पेढीत जाऊन तिथल्या कनेक्शनवरून बाहेर पडतंय. म्हणून ते रडतंय. थोडक्यात, जायला हवं ते बोगद्यात जात नाही आणि नको ते सगळं जातंय.

उपाय दोन भागांत. आधी घरच्या राउटरच्या पानावर जाऊन त्याचा लॅन (घरातल्या बाजूचा) पत्ता बदला. १९२.१६८.५०.१ ठेवा, किंवा १ आणि ० सोडून तिसरा आकडा कुठलाही. राउटर पुन्हा सुरू होईल, घरातली सगळी उपकरणं नवे पत्ते घेतील. प्रिंटरला हातानं पत्ता दिला असेल तर तेवढा बदलावा लागेल. पेढीचा पट्टा बदलणं खरं तर जास्त योग्य, कारण उद्या बहिणीच्या घरी पुन्हा हाच गोंधळ होऊ शकतो. पण तिथे बिलिंग, प्रिंटर, कॅमेरे सगळं त्याच पट्ट्यावर असणार, ते पावसाच्या तोंडावर हलवू नका.

मग व्हीपीएनचं प्रोफाइल, म्हणजे जोडणीच्या साठवलेल्या सेटिंग्ज, बदला. प्रोफाइलचं नाव ‘पेढी’ धरतो.

एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय पेढी आयपीव्ही४.नेव्हर-डिफॉल्ट येस
एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय पेढी +आयपीव्ही४.राउट्स १९२.१६८.१.०/२४

पहिली ओळ म्हणते, सगळं जग या बोगद्यातून नेऊ नकोस. दुसरी म्हणते, पेढीचा पट्टा मात्र ने. नंतर व्हीपीएन एकदा तोडून पुन्हा जोडा. न जोडता बदल लागू होत नाहीत, इथे पुष्कळ जण फसतात. खिडकीतून करायचं असेल तर आयपीव्ही४ च्या टॅबमध्ये राउट्स नावाचं बटण आहे. ‘हे कनेक्शन फक्त त्याच्याच नेटवर्कसाठी वापरा’ अशा अर्थाची खूणही तिथेच मिळेल.

बहिणीकडे अडलं तर तात्पुरता उतारा: राउट्समध्ये १९२.१६८.१.१०/३२ घाला. एकाच मशीनचा रस्ता हा सगळ्यात नेमका, त्यामुळे वायफायवर तो मात करतो.

कुपवाड_एमआयडीसी · मंगळवार, दुपारी १.१०

मधेच शिरतो, माफ करा. आमच्याकडे ओपनव्हीपीएन (ओव्हीपीएन फाइल चालवणारं सॉफ्टवेअर) मिंट २१ वर चालत होतं, २२ घातल्यावर जोडलंच जात नाही. फाइल तीच, पासवर्ड तोच.

माहुलीकर · मंगळवार, दुपारी १.४५

जर्नलसीटीएल -यू नेटवर्कमॅनेजर -एफ एका खिडकीत चालू ठेवा, दुसरीकडून जोडा. त्यात सायफरबद्दल, म्हणजे माहिती गुप्त करण्याच्या पद्धतीबद्दल, ओळ दिसेल. मिंट २२ बरोबर ओपनव्हीपीएन २.६ येतं. ते फाइलमधली जुनी ‘सायफर’ ओळ वाटाघाटीत धरत नाही, ‘डेटा-सायफर्स’ची यादी बघतं. तुमचा राउटर एईएस-२५६-सीबीसीवर अडून बसला असणार. खरा उपाय राउटरचं फर्मवेअर नवं करणं. तोवर फाइलमध्ये डेटा-सायफर्सच्या ओळीत एईएस-२५६-जीसीएमच्या पुढे कोलन (:) देऊन एईएस-२५६-सीबीसी जोडा, जुनं प्रोफाइल काढा आणि फाइल पुन्हा इम्पोर्ट करा.

पण यादीत बीएफ-सीबीसी घालायची वेळ आली तर घालू नका. तो सायफर आता सुरक्षित राहिलेला नाही. राउटर बदला म्हणून मालकाला सांगा.

गावभाग_सांगली · मंगळवार, रात्री ९.०५

घरचा पट्टा बदलला. तिसरा आकडा ५७ ठेवला, विसरणं शक्य नाही. दोन्ही ओळी दिल्या, तोडून जोडलं. राउट गेटमध्ये आता टन० येतंय! इंटरनेटही आता पूर्वीसारखं.

पण पिंगला अजून उत्तर नाही. मी इतकी खट्टू झाले की बिलिंग उघडून बघितलंच नाही. काय करू?

माहुलीकर · मंगळवार, रात्री ९.१२

उघडून बघा!

गावभाग_सांगली · मंगळवार, रात्री ९.१५

उघडलं. आजची आवक दिसली. डोळ्यांत पाणी आलं हो.

वाई_घाट · मंगळवार, रात्री ९.४०

अभिनंदन ताई. पण पिंग नाही आणि पान उघडतं, हे कसं काय?

माहुलीकर · मंगळवार, रात्री १०.२०

बिलिंगचं मशीन विंडोजचं असणार. त्याच्या फायरवॉलचे पिंगचे नियम बऱ्याचदा फक्त स्वतःच्या पट्ट्यातल्या मशीनला उत्तर देतात. बोगद्यातून येणारा माणूस १०.८.०.काहीतरी असा येतो, म्हणजे परका. बिलिंगचा पोर्ट मात्र सगळ्यांना उघडा आहे. पिंग बोलतं तेव्हा रस्ता नक्की चांगला असतो, पण ते गप्प राहिलं म्हणून रस्ता बंद असं धरता येत नाही.

इथे परतीच्या वाटेचं सांगून टाकतो. खंबाटकीत इतकी वर्षं पुण्याला जाणारी गाडी बोगद्यातून आणि साताऱ्याला येणारी घाटातून, दोन्ही वाटा वेगळ्या. नेटवर्कमध्येही जाण्याची आणि येण्याची वाट वेगळी ठरते, आणि परतीची कुणी आखलेली नसेल तर उत्तर हरवतं. ताईंच्या पेढीत व्हीपीएन राउटरवरच आहे आणि तोच सगळ्या मशीनचा गेटवे, म्हणून उत्तर आपोआप त्याच्याकडे येतं. पण व्हीपीएन ऑफिसातल्या वेगळ्या मशीनवर बसवलं असेल, तर राउटरला सांगावं लागतं की १०.८.० चा पट्टा त्या मशीनमागे आहे. हे सांगायचं राहिलं की माणसं दोन-दोन दिवस आपल्याच लॅपटॉपवर प्रोफाइल उलटसुलट करत बसतात, आणि दोष तिथे नसतोच.

मिरज_जंक्शन · बुधवार, सकाळी ६.५०

माझं वायरगार्ड आहे, व्हीपीएनचाच दुसरा प्रकार. कर्नलमध्ये ५.६ पासून, म्हणजे २०२० पासून ते आतच येतं, म्हणून घेतलं. जोडलं की लगेच वर येतं. पण एकदा गंमतच वाटली: सर्व्हर बंद होता तरी इथे जोडलेलं दिसत होतं. आणि आताची अडचण अशी की छोटी पानं उघडतात, मोठी फाइल किंवा फोटोंचं पान अर्ध्यात थिजतं. घरी फायबर आहे, लॉगिन लागणारं.

माहुलीकर · बुधवार, सकाळी ९.३०

पहिल्याचं उत्तर: वायरगार्डमध्ये ‘जोडणं’ नावाचा प्रकारच नाही. इंटरफेस वर येणं म्हणजे तुमच्या बाजूनं दार मांडलं, इतकंच. समोर कुणी असो वा नसो. चुकीची किल्ली घेऊन गेलात तर समोरचा नाही म्हणत नाही, मौन पाळतो. तसंच ते बनवलंय. म्हणून सूडो डब्ल्यूजी शो द्या आणि ‘लेटेस्ट हँडशेक’ची, म्हणजे दोन्ही बाजूंची ओळख शेवटची कधी पटली याची, ओळ बघा. वापर चालू असताना हँडशेक साधारण दोन मिनिटांनी नवा होतो. ओळच नसेल तर किल्ली, पत्ता किंवा पोर्ट चुकलाय. ओळ आहे आणि तरी काम होत नाही, तर रस्ता, नाव किंवा आकार.

तुमचा दोष आकाराचा. पुलाखालून रिकामी बैलगाडी जाते, ऊस भरलेली अडकते, तसं. वायरगार्ड साधारणपणे १४२० चा एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार, बाइटमध्ये) धरतं, कारण १५०० मधून जास्तीत जास्त ८० बाइट त्याच्या वेष्टनाला लागतात. लॉगिन लागणारं तुमचं फायबर बहुधा पीपीपीओई, तिथे १५०० ऐवजी १४९२ च मिळतात. सर्व्हरशी आयपीव्ही४ वरून बोलत असाल तर वेष्टन ६० चं, १४८० होतात, निभतं. आयपीव्ही६ वरून बोलत असाल तर १४२० अधिक ८० म्हणजे पुरे १५००, आणि ८ बाइटसाठी गाडी अडते. एमटीयू १४१२ करा (प्रोफाइलचं नाव ‘मिरज’ धरतो):

एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय मिरज वायरगार्ड.एमटीयू १४१२

तपासायला पिंग -एम डू -एस १३८४ आणि पलीकडचा बोगद्यातला पत्ता. १३८४ मध्ये पिंगचे २८ मिळवले की १४१२. हे गेलं आणि १३८५ अडलं, तर मर्यादा बरोबर लागली. मोबाइल हॉटस्पॉटवर याहून कमी लागू शकतं, मी तिथे सरळ १२८० ठेवतो.

मिरज_जंक्शन · बुधवार, सकाळी १०.०५

१४१२ केलं. फोटो धडाधड उघडले. आयपीव्ही६ च निघालं.

हळदीचं_गोदाम · बुधवार, दुपारी ३.२५

मलाही ताईंसारखंच करायचंय, वायरगार्डनं. फाइल इम्पोर्टच होत नाही, नावाबद्दल काहीतरी म्हणतं. आणि ऑफिसच्या राउटरवर पोर्ट उघडूनही बाहेरून पोचता येत नाही.

कुपवाड_एमआयडीसी · बुधवार, दुपारी ४.००

यातलं पहिलं मला येतं, मीही अडलो होतो. वायरगार्डच्या फाइलचं नावच इंटरफेसचं नाव होतं, आणि लिनक्समध्ये ते १५ अक्षरांपेक्षा लांब चालत नाही. रोमनमध्ये ‘हळदमार्केटऑफिस’ लिहिलं तर १७ होतात. नुसतं ‘हळद’ ठेवा. स्पेसही नको.

माहुलीकर · बुधवार, सायंकाळी ६.१५

बरोबर. दुसऱ्यासाठी राउटरच्या पानावर वॅन (बाहेरच्या बाजूचा) पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यात सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता कंपनीनं अनेक घरांत वाटलाय आणि तुमच्या राउटरवर उघडलेला पोर्ट बाहेरून कुणाला दिसतच नाही. हा पट्टा यासाठीच २०१२ मध्ये राखून ठेवलाय. सेवा देणाऱ्याकडे स्थिर पत्ता मागा, पैसे पडतील. नाहीतर भाड्याचा एक छोटा सर्व्हर घेऊन ऑफिस आणि घर दोघांनीही त्याच्याकडे जायचं. तेव्हा ऑफिसच्या बाजूला पर्सिस्टंट-कीपअलाइव्ह २५ सेकंद ठेवायला विसरू नका, नाहीतर वाट काही वेळानं आपोआप मिटते.

वाई_घाट · बुधवार, रात्री ८.३०

जुन्या लॅपटॉपवरची प्रोफाइलं पेनड्राइव्हनं नव्यावर आणली, ईटीसी फोल्डरातल्या नेटवर्कमॅनेजरच्या सिस्टम-कनेक्शन्समध्ये ठेवली. यादीत दिसतच नाहीत.

माहुलीकर · बुधवार, रात्री ८.४५

फाइलीचा मालक रूट (कॉम्प्युटरचा मुख्य वापरकर्ता) हवा आणि परवानगी ६००, म्हणजे फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी, हवी. पेनड्राइव्हवरून येताना दोन्ही बदलतात, आणि नेटवर्कमॅनेजर अशा फाइलीकडे बघतही नाही, कारण आत पासवर्ड असू शकतो. सूडो सीएचओन, सूडो सीएचमॉड, मग एनएमसीएलआय कनेक्शन रीलोड. सर्टिफिकेटच्या फाइली वेगळ्या असतील तर त्याही आणा. प्रोफाइलमध्ये फक्त त्यांचा पत्ता असतो.

गावभाग_सांगली · शुक्रवार, रात्री ९.२०

दोन गोष्टी राहिल्या. कॉम्प्युटर सुरू केला की व्हीपीएन आपोआप जोडायला लावलं, पण ‘सिक्रेट्स’ मिळाली नाहीत म्हणून थांबतं. हातानं जोडलं की जोडतं. आणि ऑफिसमध्ये आम्ही आकड्यांऐवजी ‘हिशेब.लोकल’ असं नाव टाकतो, ते घरून चालत नाही.

माहुलीकर · शुक्रवार, रात्री १०.००

पासवर्ड तुमच्या कीरिंगमध्ये, म्हणजे पासवर्डांच्या तिजोरीत आहे, आणि ती तुम्ही लॉगिन केल्यावरच उघडते. त्याआधी नेटवर्कमॅनेजर मागायला गेला तर देणारं कुणी नसतं. पासवर्डच्या चौकटीत उजवीकडे छोटं चिन्ह आहे. तिथे ‘सर्व वापरकर्त्यांसाठी साठवा’ निवडलं की तो रूटच्या फाइलीत जातो आणि प्रश्न मिटतो. पण लॅपटॉप असेल, पिशवीतून इकडेतिकडे नेत असाल, तर मी हे करणार नाही. शेतकऱ्यांचे बँक खात्यांचे आकडे आहेत त्या मशीनवर. लॉगिन झाल्यावर एक टिचकी मारणं परवडतं.

लोकलचं असं आहे की ‘.लोकल’ हे शेपूट एमडीएनएससाठी, म्हणजे जवळच्या उपकरणांनाच नाव विचारण्याच्या पद्धतीसाठी, राखीव आहे. लिनक्स ते नाव पेढीच्या डीएनएसला (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) विचारण्याआधी घरातल्याच उपकरणांना हाक मारून विचारतं, आणि घरात कुणी ओ देत नाही. ईटीसीतल्या होस्ट्स फाइलीत १९२.१६८.१.१० आणि पुढे हिशेब.लोकल अशी एक ओळ लिहा. एका मशीनसाठी याहून जास्त काही करायची गरज नाही.

गावभाग_सांगली · रविवार, दुपारी ४.४०

दोन्ही झालं. कीरिंगच ठेवली, तुमचं पटलं. आज मुद्दाम लॅपटॉप घेऊन विश्रामबागला बहिणीकडे आले. तिच्या राउटरचा पट्टाही १९२.१६८.१ निघाला. /३२ ची ओळ घातली आणि तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावरून तीन शेतकऱ्यांच्या पट्ट्या काढून पाठवल्या. मागच्या खेपेला याच टेबलाशी बसून फोनवर ‘थांबा, थांबा’ म्हणत होते.

एक शेवटचं. पेढीतल्या दुसऱ्या कारकुनाला माझीच फाइल देऊ का?

माहुलीकर · रविवार, सायंकाळी ५.१०

नको. दोघांनी एकच सर्टिफिकेट वापरलं तर सर्व्हर साधारणपणे नव्याला आत घेतो आणि जुन्याला बाहेर काढतो. जुना पुन्हा जोडायला जातो, आणि मग दोघं एकमेकांना दिवसभर ढकलत राहतात. शिवाय उद्या ते नोकरी सोडून गेले तर तुमचीही फाइल रद्द करावी लागेल. प्रत्येकाला वेगळी मागा.

गावभाग_सांगली · रविवार, सायंकाळी ५.३०

राउटरवाल्यांना फोन केला. एक कारकुनासाठी, एक मालकांसाठी, अशा दोन नव्या फाइली मागितल्या. लिनक्सवर चालतंय हेही सांगितलं. ते म्हणाले, कसं केलं ते लिहून पाठवा. हाच धागा पाठवतेय.